एंटरप्राइज आर्किटेक्चर : संज्ञा, संकल्पना आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटी क्षेत्रात काही वर्षे काम केल्यानंतर या विषयाकडे वळणारे अभियंते, शासकीय प्रकल्पांवर काम करणारे अधिकारी आणि आपल्या संस्थेतील संगणकप्रणालींचा गुंता सोडवू पाहणारे व्यवस्थापक यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. संकल्पना हवेत राहू नयेत यासाठी बहुतेक ठिकाणी महाराष्ट्रातील जमिनीच्या अभिलेखांचे, म्हणजे सातबारा आणि फेरफार यांचे, एकच उदाहरण घेतले आहे.

एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे नेमके काय?

एखादी संस्था कोणती कामे करते, त्या कामांसाठी कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या प्रणालींमध्ये राहते, त्या प्रणाली कोणत्या यंत्रणेवर चालतात आणि या सगळ्यांचे परस्परांशी नाते काय आहे, याची सुसंगत मांडणी म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. या मांडणीत पुढे बदल कोणत्या तत्त्वांनुसार करायचे हेही तिचाच भाग असते. आयएसओ ४२०१० या आंतरराष्ट्रीय मानकातील व्याख्येचा रोखही असाच आहे: मूलभूत संकल्पना व गुणधर्म, भोवतालाशी असलेला संबंध आणि रचना घडवण्याची व वाढवण्याची तत्त्वे.

आकृत्या म्हणजे आर्किटेक्चर हा समज मात्र सोडून द्यावा. आकृती ही निर्णयाची नोंद असते. ज्या आकृतीमागे ‘ही माहिती कोणाच्या ताब्यात आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला’ याचा निर्णय नाही, ती भिंतीवर कितीही शोभून दिसली तरी तिचा उपयोग नाही.

जमिनीच्या अभिलेखांचे उदाहरण येथे का लागू पडते?

कारण यात दोन स्वतंत्र विभाग, एकच नागरिक आणि एकच जमीन आहे. खरेदीखत नोंदवले जाते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाकडे. त्या खताच्या आधारे सातबाऱ्यावरील नाव बदलते ते महसूल यंत्रणेकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ नुसार नोंदणी अधिकाऱ्याने हस्तांतरणाची खबर महसूल यंत्रणेला द्यायची असते. कागदाच्या काळात ही खबर टपालाने पोहोचायची किंवा खरेदीदारच खताची प्रत घेऊन तलाठ्याकडे जायचा. यात खेपा वाढत आणि नोंद रखडली की त्याच जमिनीचा पुन्हा व्यवहार होण्याचा धोका उरत असे.

आता दस्तनोंदणीच्या आय-सरिता प्रणालीतून व्यवहाराचा तपशील ई-फेरफार प्रणालीत जातो. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराची नोंद घेतात, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग सातबारा अद्ययावत होतो. दोन विभागांच्या हद्दीवरून माहिती ओलांडून नेण्याचे हे काम एका सॉफ्टवेअरचे नाही. त्यात कायदा, अधिकार, माहितीची रचना आणि तंत्रज्ञान या चारही गोष्टींचा मेळ घालावा लागला, आणि एंटरप्राइज आर्किटेक्चर हाताळते ते हेच.

आर्किटेक्चरचे चार स्तर कोणते?

बिझनेस, डेटा, अ‍ॅप्लिकेशन आणि टेक्नॉलॉजी. वरील उदाहरणात फेरफार नोंदवणे, नोटीस काढणे, हरकत ऐकणे, नोंद प्रमाणित करणे आणि ही कामे करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या भूमिका हा बिझनेस स्तर. गट क्रमांक, खाते क्रमांक, खातेदार, क्षेत्र, बोजा आणि त्यांचे परस्परसंबंध हा डेटा स्तर. आय-सरिता व ई-फेरफार या प्रणाली आणि त्यांच्यातील देवाणघेवाण हा अ‍ॅप्लिकेशन स्तर. सर्व्हर, नेटवर्क, डेटा सेंटर, डिजिटल स्वाक्षरीची यंत्रणा हा टेक्नॉलॉजी स्तर. सुरक्षितता या चारही स्तरांतून जाते. ती शेवटी चिकटवण्याची गोष्ट नव्हे.

व्यवहारात बहुतेक संस्था चौथ्या स्तरापासून सुरुवात करतात, कारण तिथे खरेदी करता येते आणि खरेदी झाली की काम झाल्यासारखे वाटते. पण नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत सर्व्हर कितीही वेगवान घेतला तरी कमी होत नाही. ती पहिल्या स्तरावरची, कायद्याने घातलेली गोष्ट आहे.

‘एंटरप्राइज’ची हद्द कुठे संपते?

संस्थेच्या नोंदणीपत्रावरची हद्द आणि आर्किटेक्चरची हद्द एकच असेल असे नाही. समान उद्दिष्टासाठी एकत्र काम करणाऱ्या घटकांचा समूह म्हणजे येथे एंटरप्राइज. सातबाऱ्याचा विचार केला तर पीककर्ज देणारी बँक, बोजाची नोंद मागणारी विविध कार्यकारी सोसायटी, जमिनीच्या वादाचा निकाल देणारे न्यायालय आणि अनुदानासाठी उतारा तपासणारा कृषी विभाग हे सगळे त्या माहितीवर अवलंबून आहेत. या सर्वांना आराखड्यात घ्यावे असे नाही. पण सातबाऱ्याच्या रचनेत बदल केला तर झळ कोणाकोणाला पोहोचेल हे ठाऊक असावेच लागते.

सोल्यूशन आर्किटेक्चर यापेक्षा वेगळे कसे?

महापालिकेचा विकास आराखडा आणि एखाद्या इमारतीचा मंजूर नकाशा यांत जो फरक आहे, तोच यांत आहे. सोल्यूशन आर्किटेक्ट एका विशिष्ट गरजेसाठी प्रणालीची रचना करतो. एंटरप्राइज आर्किटेक्ट अशा अनेक प्रणाली एकमेकींच्या आड येणार नाहीत आणि तीच गोष्ट तीनदा बांधली जाणार नाही हे पाहतो. लहान संस्थेत ही दोन्ही कामे एकच व्यक्ती करते आणि त्यात वावगे काही नाही.

झॅकमन चौकट काय सांगते?

जॉन झॅकमन यांनी १९८७ साली आयबीएमच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखापासून या शाखेचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. त्यांची चौकट म्हणजे एक तक्ता आहे. त्याच्या सहा स्तंभांत काय, कसे, कुठे, कोण, केव्हा आणि का हे सहा प्रश्न येतात. आडव्या ओळींत नियोजकापासून प्रत्यक्ष बांधणाऱ्यापर्यंतचे दृष्टिकोन येतात. मूळ लेखात पहिले तीनच स्तंभ सविस्तर होते. उरलेले तीन जॉन सोवा यांच्यासमवेत लिहिलेल्या १९९२ च्या लेखात मांडले गेले.

ही चौकट वर्गीकरणासाठी आहे. काम कोणत्या क्रमाने करावे हे ती सांगत नाही. प्रत्येक घर भरण्याचा हट्ट धरणाऱ्या प्रकल्पांचे कागद वाढतात आणि निर्णय मात्र होत नाहीत. रिकामे घर पाहून ‘याचे उत्तर आपल्याकडे खरोखर नाही का?’ हा प्रश्न विचारण्यासाठी ती उत्तम आहे. उदाहरणार्थ, अनेक संस्थांत ‘का’ हा स्तंभ कोराच असतो.

टोगॅफ म्हणजे काय आणि एडीएम कशी चालते?

टोगॅफ हे द ओपन ग्रुप या संघटनेचे मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९५ साली आली. तिचा पाया अमेरिकेच्या संरक्षण खात्याने विकसित केलेल्या टॅफिम या चौकटीत होता. दहावी आवृत्ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. टोगॅफचा गाभा म्हणजे एडीएम, अर्थात आर्किटेक्चर डेव्हलपमेंट मेथड. प्राथमिक तयारीनंतर ए ते एच असे आठ टप्पे येतात: दृष्टिचित्र, बिझनेस, माहितीप्रणाली (डेटा व अ‍ॅप्लिकेशन), टेक्नॉलॉजी, संधी व उपाय, स्थलांतराचे नियोजन, अंमलबजावणीवरील देखरेख आणि बदलांचे व्यवस्थापन. गरजांचे व्यवस्थापन वर्तुळाच्या मध्यभागी दाखवले जाते, कारण ते प्रत्येक टप्प्यात चालूच असते.

हे टप्पे एकदाच, सरळ रेषेत पार पाडायचे नसतात. मागे फिरणे, एखादा टप्पा थोडक्यात आटोपणे, संस्थेच्या गरजेप्रमाणे पद्धत कापूनछाटून घेणे हे मानकालाच अपेक्षित आहे. तरीही निविदांमध्ये ‘टोगॅफनुसार सर्व कागदपत्रे सादर करावीत’ असे वाक्य सर्रास दिसते आणि कोणीही न वाचणारे गठ्ठे तयार होतात. कोणते कागद कोणत्या निर्णयासाठी हवेत हे आधी लिहून काढले, तर यादी आपोआप आखूड होते.

कॅपॅबिलिटी आणि प्रोसेस यांत फरक काय?

कॅपॅबिलिटी म्हणजे संस्थेला काय करता आले पाहिजे. प्रोसेस म्हणजे ते ती कसे करते. ‘गावातील पिकांची नोंद ठेवणे’ ही महसूल यंत्रणेची जुनी कॅपॅबिलिटी आहे. गाव नमुना बारा त्यासाठीच आहे. पूर्वी तलाठी ही पीक पाहणी करत. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइल अ‍ॅपवरून, शेतातील पिकाच्या छायाचित्रासह नोंद करू लागला. कॅपॅबिलिटी तीच राहिली. प्रोसेस, भूमिका आणि अ‍ॅप्लिकेशन बदलले.

म्हणूनच दीर्घकालीन आराखडा कॅपॅबिलिटीच्या नकाशावर बेतणे शहाणपणाचे ठरते. विभागांची नावे बदलतात, प्रणाली येतात-जातात, अधिकाऱ्यांची पदनामे बदलतात, पण संस्थेला करावी लागणारी कामे त्या मानाने फार टिकाऊ असतात. हा नकाशा एका पानावर मावावा आणि त्यात विभागांची नावे नसावीत. विभागांची नावे आली की चर्चा कामावरून हद्दीच्या भांडणावर जाते.

बेसलाइन, टार्गेट आणि गॅप या संज्ञा कशा वापराव्यात?

बेसलाइन म्हणजे आजची स्थिती, टार्गेट म्हणजे अपेक्षित स्थिती, गॅप म्हणजे दोहोंतील अंतर आणि रोडमॅप म्हणजे ते अंतर कापण्याचा कालबद्ध क्रम. या चौघांपेक्षा दुर्लक्षित राहणारी पाचवी संज्ञा जास्त महत्त्वाची आहे: ट्रान्झिशन आर्किटेक्चर, म्हणजे मधली स्थिती.

हस्तलिखित सातबारा संगणकावर आणताना ही मधली स्थिती दीर्घकाळ होती. हस्तलिखित आणि संगणकीकृत असे दोन्ही उतारे अस्तित्वात असताना त्यांत तफावत आढळली तर खरा कोणता, हा प्रश्न तांत्रिक नव्हता. त्याच्या उत्तरावर कोणाची तरी जमीन अवलंबून होती. म्हणून नोंदी मूळ अभिलेखाशी ताडून पाहणे, चावडी वाचन करून त्या गावकऱ्यांसमोर मांडणे आणि लेखनप्रमाद संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त करणे, असा मार्ग घ्यावा लागला. जुनी आणि नवी प्रणाली किती काळ शेजारी-शेजारी चालणार, त्या काळात अंतिम शब्द कोणाचा आणि जुनी कधी व कोणाच्या सहीने बंद होणार, ही तीन उत्तरे ज्या रोडमॅपमध्ये नाहीत तो अपुरा समजावा.

मास्टर डेटा आणि ‘माहितीचा अधिकृत स्रोत’ म्हणजे काय?

अनेक प्रणालींना लागणारी, वारंवार संदर्भासाठी वापरली जाणारी आणि क्वचित बदलणारी मूलभूत माहिती म्हणजे मास्टर डेटा: ग्राहक, उत्पादन, कर्मचारी, गाव, गट क्रमांक. अशा प्रत्येक माहितीसाठी एकच अधिकृत स्रोत ठरवावा, इतरांनी तिथून घ्यावी आणि बदलही तिथेच व्हावा, हा नियम.

नियम सोपा वाटतो. अवघड असते ती व्याख्या. क्षेत्राचेच पाहा. सातबाऱ्यावर शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. व्यवहारात लोक एकर आणि गुंठ्यांत बोलतात. एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. बोलताना दोन्ही एकच धरले जातात. पण एखाद्या प्रणालीने ४० गुंठे म्हणजे ४० आर असे धरून माहिती पुढे पाठवली, तर एका एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांहून थोडे अधिक क्षेत्र, कागदावरून गायब होते. अशा चुकीचा कोणत्याही प्रणालीत ‘एरर’ येत नाही. दोन्ही बाजूंना आकडा आहे, रकाना भरलेला आहे, संदेश पोहोचला आहे. चूक वर्षांनंतर मोजणीच्या वेळी उघडकीस येते.

यामुळे डेटा आर्किटेक्चरमध्ये प्रत्येक रकान्याचे एकक, अचूकता, मालक आणि बदलाचा अधिकार लिहिलेला असावा असा आग्रह धरावाच लागतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आल्यानंतर आणखी एक रकाना आवश्यक झाला आहे: ही माहिती वैयक्तिक आहे का आणि ती कोणत्या कारणासाठी ठेवली आहे. व्यक्तीने माहिती पुसून टाकण्याची मागणी केली आणि ती कोठे कोठे साठवली आहे हेच संस्थेला सांगता आले नाही, तर कायद्याचे पालन करणार कसे?

इंटिग्रेशनचा गुंता का वाढतो?

प्रत्येक प्रणाली प्रत्येकीशी थेट जोडली तर १० प्रणालींमध्ये ४५ जोडण्या होतात आणि २० प्रणालींमध्ये १९०. प्रणाली दुप्पट, जोडण्या चौपटीहून अधिक. यावर उपाय म्हणून मधला समान थर, एपीआय गेटवे (प्रणालींमधील विनंत्या जिथून जातात ते समान प्रवेशद्वार) किंवा घटनांवर आधारित देवाणघेवाण वापरली जाते. त्याने तारा कमी होतात. अर्थाचा गोंधळ मात्र आपोआप मिटत नाही. वर आलेला गुंठा आणि आर यांतील फरक एपीआयमधूनही तितक्याच सहजतेने वाहत जातो.

व्ह्यू आणि व्ह्यूपॉइंट यांत गोंधळ होतो. फरक काय?

व्ह्यूपॉइंट म्हणजे पाहण्याची ठरवलेली रीत: कोणासाठी, कोणत्या चिंतेसाठी, कोणत्या चिन्हांत. व्ह्यू म्हणजे त्या रीतीने काढलेले प्रत्यक्ष चित्र. वित्त विभागाला खर्च दिसायला हवा, सुरक्षा अधिकाऱ्याला माहितीचा प्रवास. दोघांना एकच आकृती दाखवली तर दोघांचेही समाधान होत नाही.

आर्किमेट शिकायलाच हवी का?

आर्किमेट ही आर्किटेक्चर रेखाटण्याची चिन्हभाषा नेदरलँड्समध्ये विकसित झाली आणि पुढे ओपन ग्रुपकडे आली; तिसरी आवृत्ती २०१६ ची आहे. आर्किटेक्टांनी ती जरूर शिकावी, कारण बाणाचा अर्थ त्यात ठरलेला असतो आणि ‘हा बाण म्हणजे माहिती जाते की एक प्रणाली दुसरीवर अवलंबून आहे?’ असा वाद उरत नाही. संचालक मंडळापुढे मात्र ती तशीच ठेवू नये.

आर्किटेक्चरची तत्त्वे कशी लिहावीत?

तत्त्व असे असावे की त्यामुळे कोणाला तरी ‘नाही’ म्हणता येईल. ‘प्रणाली सुरक्षित व दर्जेदार असाव्यात’ याला कोणी विरोध करणार नाही आणि त्यामुळे काही ठरतही नाही. ‘नागरिकाने एका विभागाला दिलेली माहिती दुसऱ्या विभागाने पुन्हा मागू नये’ हे खरे तत्त्व आहे, कारण ते मान्य केले की अर्जातील निम्मे रकाने आणि जोडपत्रांची यादी कापावी लागते. प्रत्येक तत्त्वासोबत त्यामागचे कारण आणि त्याचे परिणाम लिहावेत. परिणाम लिहिताना कोणाला अडचण होणार हे स्पष्ट लिहिले, तर विरोध आधीच समोर येतो आणि त्यावर बोलता येते.

गव्हर्नन्स म्हणजे मंजुरीची आणखी एक पायरी नव्हे का?

तशी ती होऊ शकते, आणि झाली की लोक तिला वळसा घालतात. रिव्ह्यू बोर्डाने, म्हणजे प्रस्ताव आर्किटेक्चरशी ताडून पाहणाऱ्या समितीने, प्रत्येक प्रस्ताव अडवून धरण्याऐवजी जे निर्णय नंतर बदलणे महाग पडते त्यांवरच वेळ घालवावा: माहितीचा मालक, प्रणालींमधील करार, पुरवठादाराशी होणारी दीर्घ बांधिलकी. बटणाचा रंग आणि लायब्ररीची आवृत्ती टीमवर सोडावी. घेतलेला प्रत्येक मोठा निर्णय, नाकारलेले पर्याय आणि कारण हे एका पानात नोंदवावे. तीन वर्षांनी सगळी माणसे बदललेली असतात; ‘असे का केले होते?’ याचे उत्तर तेव्हा त्या पानाखेरीज कुठेही सापडत नाही.

अपवाद द्यावे लागतात. मात्र प्रत्येक अपवादाला मुदत असावी.

टेक्निकल डेट म्हणजे जुनी प्रणाली का?

नाही. ही संज्ञा वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली रूढ केली. आज लवकर काम उरकण्यासाठी केलेली तडजोड आणि तिच्यामुळे पुढच्या प्रत्येक बदलाला लागणारा वाढीव खर्च असा तिचा आशय आहे. जुनी, पण नीट समजलेली आणि स्वस्तात चालणारी प्रणाली हे कर्ज नाही. गेल्या वर्षी घाईत उभारलेली, चाचण्या नसलेली प्रणाली मात्र असू शकते.

कॉनवेचा नियम इथे का सांगितला जातो?

संस्था ज्या प्रणाली घडवते त्यांची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेची नक्कल असते, असे निरीक्षण मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली मांडले. दोन विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या प्रणालीही बोलत नाहीत. आर्किटेक्टने आधी माणसांना एका टेबलाशी आणावे लागते ते याचसाठी.

भारतात शासनासाठी एखादी चौकट आहे का?

आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ साली इंडईए, म्हणजे इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर, ही चौकट आणली. तिच्यात आठ संदर्भ मॉडेल आहेत: कामगिरी, बिझनेस, अ‍ॅप्लिकेशन, डेटा, टेक्नॉलॉजी, इंटिग्रेशन, सुरक्षितता आणि गव्हर्नन्स. नागरिकाला विभागांच्या भिंती जाणवू नयेत, शासन एकच दिसावे, हा तिचा हेतू. कामगिरीचे मॉडेल यादीत पहिले आहे याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते: किती पोर्टल सुरू केली यापेक्षा नागरिकाचे काम किती दिवसांत झाले हे मोजण्याची जागा तिथे आहे.

अजाइल, म्हणजे लहान टप्प्यांत सतत बदल करत काम करण्याच्या, पद्धतीत याची गरज उरते का?

उरते, किंबहुना वाढते. अनेक टीम स्वतंत्रपणे, दर पंधरवड्याला बदल करत असतील तर त्यांच्यातील सीमा आणि करार आधी स्पष्ट हवेत. बदलतो तो कामाचा आकार: सहा महिन्यांचा अहवाल लिहिण्याऐवजी पुढच्या तिमाहीसाठी पुरेसे निर्णय आणि नियमित दुरुस्ती.

टोगॅफचे प्रमाणपत्र घेतले की एंटरप्राइज आर्किटेक्ट होता येते का?

प्रमाणपत्राने शब्दसंपदा येते आणि मुलाखतीचे दार उघडते. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत त्याची विचारणा होते हे खरे आहे. दहाव्या आवृत्तीत फाउंडेशन आणि प्रॅक्टिशनर अशा दोन पातळ्या आहेत. पण परीक्षेत न येणारी गोष्ट म्हणजे एखाद्या व्यवसायाचे सखोल ज्ञान. बँकिंग, विमा, उत्पादन, महसूल प्रशासन यांपैकी एक क्षेत्र आतून समजलेले असावे. फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी हरकतीची मुदत का ठेवली आहे हे ज्याला कळत नाही, तो ती ‘अनावश्यक विलंब’ म्हणून आराखड्यातून काढून टाकेल आणि सहहिस्सेदाराचा हक्क त्याबरोबर जाईल.

आमच्या संस्थेत आजवर काहीच नाही. सुरुवात कुठून करावी?

महागडे टूल घेऊ नये. आधी वापरात असलेल्या सर्व प्रणालींची यादी एका स्प्रेडशीटमध्ये करावी: नाव, काम, मालक, पुरवठादार, कराराची मुदत, वार्षिक खर्च, त्यात असलेली महत्त्वाची माहिती आणि ती कोणाकोणाला पुरवली जाते. मालकाच्या रकान्यात विभागाचे नाव चालणार नाही. जबाबदार व्यक्तीचे पद हवे. हा रकाना भरतानाच बरेच काही उघड होते, कारण काही प्रणालींचा मालक कोणीच नसतो आणि काहींवर तिघे दावा सांगतात.

त्यानंतर संस्थेला सध्या सर्वाधिक त्रास देणारा एकच प्रवास निवडावा, उदाहरणार्थ ग्राहकाची तक्रार किंवा कर्जाचा अर्ज, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून लिहून काढावा. कोणत्या ठिकाणी माहिती दुसऱ्यांदा हाताने टाइप केली जाते, कोणत्या ठिकाणी कोणी स्वतःची वेगळी एक्सेल शीट जपून ठेवली आहे, याची नोंद घ्यावी. अशी शीट ठेवणाऱ्याला दोष देऊ नये. अधिकृत प्रणालीत त्याला काय मिळत नाही हे विचारावे आणि ते उत्तर गॅपच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहावे.